एक धाबं, चार वाटण्या: पांझरेकाठच्या वाड्याचे डिजिटल मॉडेल

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठावरच्या एका गावातला हा वाडा. गावाचे आणि घराण्याचे नाव देत नाही, कारण वाटणीचा विषय अजून पुरता मिटलेला नाही आणि घरच्यांनी तशी अटच घातली होती. काळ्या दगडाचे जोते, बाहेरून भाजक्या आणि आतून कच्च्या विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, मधे चौक, वर मातीचे धाबे, म्हणजे मातीचे सपाट छत. खानदेशात असे वाडे अजून बरेच उभे आहेत, पण ते कुठल्या यादीत सापडत नाहीत. बळसाण्याची देवळे किंवा तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे देऊळ केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांमुळे अशा स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. खाजगी वाड्याला यातले काही लागू नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये तो घरपट्टीपुरता आहे, आणि मालकाने ठरवले तर उद्या सकाळी जेसीबी लागू शकतो.

तो लागणारच होता. वाड्याचे वाटेकरी चार. आबा वाड्यातच राहतात. बापू सुरतेला असतात, नाना पुण्याला. चौथी वाटणी वारसांमध्ये अडकलेली, तिला कुलूप आहे. समोरचा रस्ता मोठा झाला तेव्हा बापूंनी आपले रस्त्याकडचे दोन खण (खण म्हणजे दोन खांबांमधला भाग) पाडून स्लॅबचे गाळे काढायचे ठरवले. आबांचे म्हणणे, तुझे दोन खण काढले तर माझे तीन खण खाली बसतील. बापूंचे उत्तर ठरलेले, "मना खण मना शे, मी देखसू काय करनं ते." आबा त्यावर एवढेच बोलत, "धाबं एकच शे. वाटनी खालनी शे." म्हणजे धाबे एकच आहे, वाटणी खालची आहे.

माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचा गाभा आबांच्या त्या वाक्यात होता. फक्त तो सिद्ध कसा करायचा हे कोणाला माहीत नव्हते. नानांनी मला बोलावले ते "एक नकाशा काढून द्या, म्हणजे भांडण मिटेल" म्हणून.

नकाशाने ते मिटले नसते. प्लॅनवर भिंती आणि खांब दिसतात, पण कोणती तुळई कुठून कुठे अखंड जाते, तिच्यावर किती माती आहे आणि ती ज्या खांबावर टेकते तो कोणाच्या वाटणीत येतो, हे एका कागदावर मावत नाही. इमारतीच्या माहिती-मॉडेलमध्ये, ज्याला आपल्याकडे सगळे बिम म्हणतात, तुळई ही रेघ नसून वस्तू असते. तिला लाकूड, माप, आधार, दुरुस्तीची नोंद आणि मालक असे सगळे चिकटवता येते. जुन्या इमारतींसाठीच्या अशा मॉडेलला एचबिम हे नाव डब्लिनमधल्या मॉरिस मर्फी आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या कामापासून रूढ झाले. त्यांच्याकडे एक सोय होती. तिथल्या अठराव्या शतकातल्या घरांच्या खिडक्या, कमानी आणि कंगोरे त्या काळच्या नमुन्यांच्या पुस्तकांत प्रमाणासह छापलेले होते. त्यावरून सॉफ्टवेअरमध्ये भागांचा साठा तयार करायचा आणि स्कॅनवर बसवायचा, अशी त्यांची पद्धत. आपल्या वाड्यांचे असे पुस्तक नाही. आमचा साठा वाड्यातून आणि गावातल्या एका म्हाताऱ्या सुतार मिस्त्रींच्या तोंडून तयार झाला. तळखडा (खांबाखालचा दगड), खांब, हस्त (खांबाच्या माथ्यावरचा लाकडी आधार), तुळई, सरे (तुळईवरची आडवी लाकडे), त्यावर फळ्या, पाला, माती. सॉफ्टवेअरमध्येही हीच नावे ठेवली. आंतरराष्ट्रीय आयएफसी वर्गवारीतला तुळई किंवा खांबाचा सांकेतिक वर्ग वेगळ्या रकान्यात आहे. त्यामुळे फाइल दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला कळते आणि मिस्त्रींनाही कळते.

वरून आणि खालून

मोजणीचा सगळा भर एका गोष्टीवर होता. धाब्याचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग एकाच मापनचौकटीत आणायचे. खालून म्हणजे खोल्यांमधून लेसर स्कॅनर. तो तिवईवर उभा राहून चहूबाजूंना किरण फेकतो आणि प्रत्येक ठिकाणचे अंतर काही मिलिमीटरच्या अचूकतेने नोंदवतो. अशा कोट्यवधी बिंदूंचा ढग तयार होतो. वरून २५० ग्रॅमच्या आतला नॅनो ड्रोन घेतला आणि त्याच्या एकमेकांवर चढणाऱ्या फोटोंवरून पृष्ठभाग उभा केला. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार या वर्गाला वैमानिकाचा परवाना लागत नाही, पण हवाई हद्दीचा नकाशा आधी पाहावाच लागतो.

दोन्ही जोडायचे कसे? माजघरातून आभाळ दिसत नाही आणि ड्रोनला माजघर दिसत नाही. चौकातून मात्र दोन्ही दिसतात. म्हणून चौकाच्या कडेने, धाब्याच्या कठड्यावर आणि खाली ओसरीच्या खांबांवर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या खुणा लावल्या आणि त्या टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, पक्क्या मोजल्या. चौक नसलेल्या घरात हे काम दुप्पट अवघड होते.

एप्रिल-मेमध्ये हे काम करायचे तर पहाटेच. बहुतेक स्कॅनरची कामाची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते आणि आपल्याकडे ती अकराच्या आत ओलांडली जाते. आत माजघरात मात्र दुपारीसुद्धा यंत्र निवांत चालत होते, कारण वर दीड-दोन फूट माती. या उकाड्याच्या मुलखात धाबे का टिकले ते तिथे उभे राहिले की कळते. स्लॅबच्या घरात कूलर लावून झोपणाऱ्यांनी ते मागासलेले म्हणावे, हा विनोदच आहे.

लेसरला फक्त पृष्ठभाग दिसतो, भिंतीच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. तरी एक गोष्ट त्याने अप्रत्यक्ष दाखवली. आबांच्या खणामागच्या भिंतीच्या दोन्ही बाजू मॉडेलमध्ये आल्या तेव्हा तिची जाडी एका टप्प्यात एकदम वाढलेली दिसली. बाकी भिंत अडीच फूट, इथे जवळपास साडेचार. विचारल्यावर आबा म्हणाले, तिथे बळद होते, वडिलांच्या वेळी तोंड लिंपून टाकले. म्हणजे धान्य साठवायची पोकळी. आणि त्याच भिंतीवर दोन तुळया टेकलेल्या.

तुळईचे टोक भिंतीत गाडलेले असते. वाळवी आणि ओल तिथेच लागते, आणि तिथेच कुठलेही यंत्र पोहोचत नाही. ते काम मिस्त्रींनी हातोडीने केले. टणक आवाज आला की चांगले, बद्द आला की शंका. जिथे शंका, तिथे बारीक गिरमिटाने भोक पाडून निघालेला भुसा पाहिला. मिस्त्रींचा निकाल मॉडेलमध्ये त्या-त्या तुळईच्या नावावर नोंदवला, तारखेसकट.

त्यासोबत प्रत्येक भागाला पुराव्याचा दर्जा दिला. स्वतः पाहून मोजलेले ते 'पाहिले', दोन बाजूंवरून काढलेले ते 'ताडले', आणि कोणी सांगितलेले ते 'ऐकले'. बळद 'ऐकले' मध्ये आहे. भिंत फोडलेली नाही. हे तीन रंग मॉडेलमध्ये केव्हाही चालू-बंद करता येतात. डिजिटल मॉडेल चकचकीत असते आणि चकचकीत गोष्टीवर माणूस पटकन विश्वास ठेवतो, म्हणून हा रकाना मला सगळ्या मिलिमीटरांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

किती वाकडे दाखवायचे

सॉफ्टवेअरच्या डोक्यात भिंत उभी, सरळ आणि एकसारख्या जाडीची असते, छत सपाट असते. वाड्यात यातले काहीच नाही. सगळे वाकडेपण मॉडेलमध्ये उतरवायचे म्हटले तर महिने जातात आणि हाती येते ती गिलाव्याच्या फुगवट्यांची मूर्ती. भिंती आम्ही सरळच ठेवल्या. त्यांचे खरे झुकणे बिंदूंच्या ढगाशी तुलना करून रंगाच्या नकाशात वेगळे दिले. तुळया मात्र जशा वाकल्या आहेत तशाच घेतल्या, कारण प्रश्नच त्यांच्या वाकण्याचा होता. धाबे एकसंध छत म्हणून न घेता वरचा आणि खालचा असे दोन खरे पृष्ठभाग घेतले. मधले अंतर म्हणजे धाब्याची जाडी, दर काही इंचांवर मोजलेली.

ही जाडी पाहून सगळेच चमकले. कडेला, भिंतींजवळ, ती ३०-३२ सेंटीमीटर होती, जी बांधतानाची असावी. खणांच्या मधोमध ती ६० सेंटीमीटरपर्यंत गेलेली. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, वरचा उतार परनाळीकडे व्यवस्थित आहे. सगळा फरक खालच्या अंगाला आहे.

याचे कारण असे. दर उन्हाळ्यात पावसाआधी धाब्यावर खाऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, हा नेम. खाऱ्या मातीत सोडियमचे क्षार असतात. ती ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होऊन फुगतात आणि छिद्रे बुजवतात, म्हणून पाणी खाली उतरत नाही. ६००-७०० मिलिमीटर पावसाच्या मुलखाला हे पुरते. पण तुळई वर्षानुवर्षे भाराखाली थोडी-थोडी वाकत जाते, खण मधे खोलगट होतो, तिथे पाणी साचते. पाणी साचले की घरधनी तिथे दोन पाट्या माती जास्त टाकतो. उतार पुन्हा जमतो, भार वाढतो, तुळई आणखी वाकते, पुढच्या वर्षी पुन्हा पाट्या. जुनी माती खरवडून मग नवी टाकायची, ही खरी रीत. खरवडायला माणसे मिळेनाशी झाली तेव्हापासून फक्त टाकणे उरले. धाबे गळू न देणे हाच धाब्याला मारण्याचा मार्ग झाला.

आकड्यात सांगायचे तर दाबलेल्या मातीचे वजन घनमीटरला १७०० किलो धरले. मग ३० सेंटीमीटर धाब्याचा भार चौरस मीटरला सुमारे ५०० किलो होतो आणि ६० सेंटीमीटरचा १००० किलोच्या वर जातो. तुलनेला, पाच इंची आरसीसी स्लॅबचे स्वतःचे वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास असते, आणि राहत्या घराच्या मजल्यावर माणसे-सामानाचा म्हणून भारतीय मानकात धरतात तो भार २०० किलोचा. जास्तीची माती एकटीच त्याच्या अडीचपट. १४० चौरस मीटर धाब्यावर सरासरी १८ सेंटीमीटर जास्तीची, म्हणजे २५ घनमीटर, ४० टनांहून अधिक.

दुसरा खांब

आता मूळ भांडण. मोडीतल्या जुन्या वाटणीपत्रात बापूंच्या पणजोबांना "दरवाजापासून दुसऱ्या खांबापर्यंत" असे दोन खण दिलेले आहेत. खांबापर्यंत, पण खांब धरून की सोडून, हे लिहिलेले नाही. त्या काळी लिहायची गरज पडली नसेल.

मॉडेलमध्ये वाटणीचे खण एका रंगात आणि सुतारकामाचे तुकडे दुसऱ्या रंगात दाखवले, तर दोन्हींच्या रेघा एकमेकींवर पडत नाहीत. तुळईचा एकेक नग दोन खण लांबीचा आहे. जवळून काढलेल्या फोटोंत पहिल्या आणि तिसऱ्या खांबाच्या हस्तावर सांधा स्पष्ट दिसतो. दुसऱ्या खांबावर सांधा नाही, लाकडाचे रेषे अखंड पुढे जातात. म्हणजे बापूंचा दुसरा खण आणि आबांचा पहिला खण एकाच लाकडावर उभा आहे, आणि वाटणीची रेघ त्या लाकडाच्या बरोबर मधून जाते. बापूंनी दुसरा खांब आपला म्हणून काढला असता तर आबांच्या पहिल्या खणाची तुळई एका बाजूने अधांतरी झाली असती. आबांचे म्हणणे बरोबर होते, पण त्यांना वाटत होते तसे तिन्ही खणांबाबत नाही, एकाच खणाबाबत. तिसऱ्या खांबापुढे सांधा असल्यामुळे पलीकडचे खण बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत.

खांब ठेवला आणि तुळई त्याच्या बाजूला कापली तर? तीन खांबांवर अखंड टेकलेली तुळई मधल्या आधारावर तोडली की त्याच भाराखाली तिचा वाक सुमारे २.४ पट होतो. हे पुस्तकी गणित आहे, जुन्या सागवानाला जसेच्या तसे लागू होत नाही, पण दिशा कळते. भार निम्मा केला तर हाच वाक मूळच्यापेक्षा थोडासाच जास्त राहतो. लाकूड वर्षानुवर्षांत वाकले आहे ते काही परत वर येत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी माती उतरवायची, मग आबांच्या पहिल्या खणाला टेकू द्यायचे, मग खांबाच्या पलीकडे तुळई कापायची. उलट क्रमाने केले तर पहिल्याच आठवड्यात अपघात.

बैठक आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घेतली, कारण तेव्हाच सगळे घरी असतात. मॉडेल मी लॅपटॉपवर फिरवून दाखवले. सगळ्यांनी कौतुकाने पाहिले आणि कोणाला काही पटले नाही. मग जाडीचा रंगीत नकाशा कागदावर छापलेला काढला आणि सांगितले की धाब्यावर नऊ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती जास्तीची आहे. ब्रास म्हणताच बापू पुढे सरकले. वाळू-खडी ते ब्रासमध्येच घेतात, नऊ ब्रास म्हणजे किती ढीग ते त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. घनमीटर आणि किलो यांनी जे झाले नसते ते तिथे पाच मिनिटांत झाले. अशा कामात निष्कर्ष कोणत्या एककात सांगायचा हे मी आता आधी ठरवतो.

ठरले ते असे. दुसरा खांब सामाईक, कोणी काढायचा नाही, तसा कागद झाला आणि त्याला मॉडेलमधून काढलेला छेद, म्हणजे वाडा उभा कापून दाखवणारे चित्र, जोडला. बापूंनी आपल्या हद्दीत नवे आरसीसी कॉलम उभे करायचे, पण जुन्या जोत्यापासून अंतर सोडून. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आक्रसते, आणि जोत्याला लागून खड्डा खणला तर दगडी पाया उघडा पडतो. माती उतरवायचा खर्च चौघांनी वाटून घ्यायचा. चौथ्या वाटणीच्या वारसांनी सही केली नाही, त्यामुळे त्यांच्या खणांवरची माती तशीच आहे. बाकी धाबे पावसाआधी हलके झाले, नवा खारा थर चढला, आणि त्यानंतर बापूंचे दोन खण पाडले गेले.

वारसा-जतन करणाऱ्या काही मित्रांना हे रुचले नाही. दोन खण घालवायला तुम्ही मदत केलीत, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. बापूंना थांबवायचा कायदा नव्हता आणि आबांकडे पैसा नव्हता. वाद लांबला असता तर दोन खणांच्या जागी अख्खी ओळ गेली असती. अशा वेळी लोक पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे उदाहरण देतात: २०१९ च्या आगीआधी कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी केलेले लेसर स्कॅन पुनर्बांधणीला उपयोगी पडले. ते खरेच आहे. पण इथे कोणी पाडलेले दोन खण पुन्हा उभे करणार नाही. स्कॅनचा उपयोग पाडण्याच्या आधी काय पडू शकते हे दाखवण्याचा. पाडलेले खण मॉडेलमध्ये आहेत, त्यांच्या नोंदीत 'पाडले' आणि तारीख एवढी भर पडली.

फाइल कोणाकडे

मोजणीपेक्षा हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक प्रकल्प इथेच मरतात. बिंदूंचा ढग काही दहा गीगाबाइटचा, मॉडेल त्याच्या तुलनेत अगदी लहान. ढग ई५७ या खुल्या स्वरूपात, मॉडेल आयएफसीमध्ये. एखाद्या कंपनीचेच सॉफ्टवेअर लागेल अशा स्वरूपात ठेवले असते तर दहा वर्षांनी ते उघडेल याची खात्री नाही. एक प्रत नानांकडे, एक माझ्याकडे, एक आबांच्या कपाटात हार्ड डिस्कवर वाटणीपत्राच्या रुमालाशेजारी. आबांनी ती एकदाही उघडलेली नाही आणि उघडायची गरजही नाही. त्यांच्यासाठी छापील वही आहे. प्रत्येक तुळईला क्रमांक, तो क्रमांक तुळईवर छोट्या पत्र्याच्या बिल्ल्यावरही ठोकलेला, आणि पुढे दरवर्षी भरायचे तीन रकाने: मधोमध जमिनीपासून उंची, ठोकल्यावर आवाज, धाब्यावर टाकलेली आणि खरवडलेली माती किती पाट्या. उंची मोजायला साधा लेसर टेप घेऊन दिला. जमिनीवर जिथून मोजायचे तिथे फरशीत खूण केली आहे, नाहीतर दरवेळी वेगळाच आकडा येतो.

आखाजीला वही भरायची, नातू तिचे फोटो पाठवतो, मी आकडे मॉडेलमध्ये चढवतो. टाकलेल्या पाट्या खरवडलेल्यांपेक्षा जास्त झाल्या की तो खण मॉडेलमध्ये लाल होतो. चौथ्या वाटणीचे खण सुरुवातीपासून लाल आहेत. त्यांची कडेची तुळई नानांच्या खणाशी एकाच लाकडात आहे, हेही मॉडेल दाखवते. वारसांपैकी एकीने तो छेद मागवून घेतला आहे. पुढची बैठक तिच्या सोयीने, दिवाळीत.